न्हाय गात, न्हाय गात, जा

तुझ्या दहाव्याला तुझाच आवाज वाजला, आत्या. तलावाच्या पायऱ्यांवर पिंड मांडून झाले होते, मंडळी उन्हात डोळे बारीक करून उभी होती, आणि कुणाच्या तरी खिशातला मोबाइल सुरू झाला. ‘न्हाय गात, न्हाय गात, जा.’ लांबचा कोणी पाहुणा होता. बिचारा इतका गडबडला की बंद करायच्या नादात त्याने ते आणखी एकदा वाजवलं. “दहाव्याला कसली गानी लावतंस रं?” म्हणून एका म्हाताऱ्याने त्याला झापलं. जमलेल्या एवढ्या माणसांत तो आवाज कुणाचा हे फक्त तिघांना ठाऊक होतं. मला, सिद्धूला आणि नईमला. सिद्धूने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे बघत राहिलो.

म्हणून आज तुझ्याशी बोलायला बसलोय. तू असताना बोललो नाही आणि आता बोलतोय, म्हणजे भाच्याची हुशारी बघ. उलट उत्तर यायची भीती नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, “येरा झालास का? जा, जेवून घे.” आणि मी जेवून घेतलं असतं. आपल्यातली सगळी महत्त्वाची बोलणी अशीच ताटावर संपली.

तू धवलारीण होतीस हे आता लोकांना समजावून सांगावं लागतं. दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणाला समजावायला गेलो असतो तर लोक हसले असते. आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की पहिला निरोप तुला यायचा, मग भटजींना. हळद कांडण्यापासून नवरी सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक कामाचा धवला, म्हणजे गाणं, वेगळा, आणि ते सगळे तुझ्या डोक्यात. लिहिलेली एक ओळ नाही. तुझा धवला पुरा झाल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागायची नाही, मग तो सरपंचाचा मुलगा का असेना. आज शेजारच्या मुलीला धवला म्हणजे काय विचारलं, तर तिने मलाच विचारलं की तो खायचा असतो का. हे कसं झालं ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. त्यावर आपण धड भांडलोही नाही.

आम्ही तिघांनी बँड काढला तेव्हा मला वाटायचं, भिवंडीत आपल्यासारखं कोणी नाही. ते खरंच होतं, कारण रॉक वाजवायला भिवंडीत जागाच नव्हती. मी बेस गिटार वाजवायचो आणि गायचो, म्हणजे ओरडायचो. ड्रम आणि कीबोर्ड सिद्धूचा, तो आपल्याच टेमघरचा, बुद्धवाड्यातला. लीड गिटार निजामपुऱ्यातल्या नईमची. बँडचं नाव ‘फ्यूज’, कारण पहिल्याच दिवशी तो उडाला. जागा तुझी, घरामागची खोली, जिथे तू आधी भाताची पोती ठेवायचीस. भिंतीपलीकडे लूमचा, यंत्रमागांचा शेड होता, आपल्याच जमिनीवर, तुझ्या भावाने, आप्पांनी भाड्याने दिलेला. वीज असली की तिकडे सगळे लूम खडखडायचे आणि आमचा अँप कितीही वाढवला तरी ऐकू यायचे ते लूमच. लोडशेडिंग सुरू झालं की लूम बंद व्हायचे, आपल्या श्वासाचा आवाज यावा इतकं शांत, पण मग अँपही बंद. वीज आणि शांतता दोन्ही एकदम आम्हाला कधी मिळाली नाही.

म्हणून विजेवर चालणारा हा रॉक बँड विजेविना बसायचा. दुपारी लूम थांबले की आम्ही खोलीत जायचो. सिद्धूचा छोटा कीबोर्ड सेलवर चालायचा, टेप सेलवर चालायचा, नईम गिटार तशीच कोरडी वाजवायचा आणि ड्रमच्या जागी सुताला खळ देणाऱ्या साइझिंगच्या कारखान्यातून आणलेलं निळं पिंप. तू दारात बसून सुकट निवडत असायचीस. पहिल्या दिवशी तू नईमला विचारलंस, “निवट्या खातंस का रं?” त्याला निवट्या म्हणजे काय ते कळलं नाही, तरी तो म्हणाला, “सब खाता हूँ आत्या.” खाडीतल्या चिखलातला तो मासा त्याच्या ताटात पडल्यावर त्याचा चेहरा बघून तू पदर तोंडाला लावून हसलीस. नंतर तो निवट्यांसाठीच यायचा असा माझा संशय आहे.

मग सिद्धूच्या मावसभावाने जहाजावरून एक कॅसेट आणली. जमैकातली. कव्हर नव्हतं, नाव नव्हतं, कुणाचं गाणं आहे हे आम्हाला कधीच कळलं नाही. जाड, अडखळत चालणारा एक ताल आणि त्यावर एक बाबा भराभर बोलतोय. आम्हाला कळायचं एवढंच की हा माणूस कुणावर तरी चिडलाय. मला ते अजिबात आवडलं नाही. यात गिटार कुठे आहे, मी म्हणालो. तू सुकटीतून मान वर केलीस.

“ह्यो गातंय का भांडतंय?”

“आत्या, हे असंच असतं,” सिद्धू म्हणाला. “मागे ताल चालू ठेवायचा आणि वर बोलत सुटायचं. डान्सहॉल म्हणतात.”

“मंग त्यो जहाजान घालून कशाला आनला? आमचे घरान रोजच चालतंय.”

आम्ही खूप हसलो. सिद्धू मात्र विचारात पडला. त्याने पिंप उलटं घातलं आणि तो ताल बसवायला लागला. मी बेस धरला. आठवडाभर आम्ही तेच करत होतो आणि वर बोलायला आमच्याकडे काही नव्हतं. मी इंग्रजीत चिडून पाहिलं, हिंदीत चिडून पाहिलं. तू म्हणालीस, “ह्याला राग येत न्हाय, ह्याला शिंक येते.” आणि खरंच तसं वाटायचं.

धवल्याची कल्पना नईमची. “आत्या, आप गाओ ना. शादीवाला.” तू विचारलंस, लगीन कुणाचं आहे. कुणाचंच नव्हतं. मग तू आम्हाला नीट समजावलंस, ते मला अजून आठवतं. धवल्यात देवांना बोलावणं असतं. एकेकाचं नाव घेऊन, लग्नाला या म्हणून. ते येतात. “आनि आल्यावं त्यांना काय सांगू? की लगीन न्हाय, मांडव न्हाय, पोरा खेलतान म्हनून बोलावला?” सिद्धू देव मानत नाही, पण त्याने हट्ट सोडला. मी सोडला नाही. मी टेपचं बटण दाबून तुझ्या मागे लागलो. दोनच ओळी म्हण, एकच म्हण, नुसती चाल म्हण. हे पाच मिनिटं चाललं आणि तू उठलीस, सूप उचललंस आणि दारातून वळून म्हणालीस, “न्हाय गात, न्हाय गात, जा!”

नईम आणि मी हसून लोळत होतो. तू जाता जाता आणखी काही बोललीस, ते आमच्या हसण्यात गेलं. सिद्धू हसला नाही. तो पिंपावर बोटांनी मोजत होता. “न्हाय-गा-त, तीन. न्हाय-गा-त, तीन. जा-आ, दोन. अरे, तीन, तीन, दोन. कॅसेटवर तेच आहे. आत्याने तालात शिवी घातली.” त्याने कॅसेट लावून दाखवली आणि तुझं वाक्य त्या जमैकाच्या तालावर असं बसलं की आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

गाणं दोन दिवसांत झालं. नईमने भावाकडचा दुसरा टेप आणला. एकावर तुझं वाक्य वाजवायचं, दुसऱ्यावर भरायचं, पॉज, मागे, परत तेच. बत्तीस वेळा. मी ‘जा’वर बटण दाबायचो, कारण ‘जा’च्या पुढचं काही नको होतं. पण एक गोष्ट बिघडली होती. तू बोललीस तेव्हा टेपमधले सेल उतरले होते, टेप रेंगाळत फिरली होती. नवे सेल घालून वाजवल्यावर सगळं भराभर पळायला लागलं आणि तुझा तो घोगरा, तंबाखूने जाड झालेला आवाज सोळा वर्षांच्या मुलीसारखा बारीक झाला. चूक सुधारायला तुला पुन्हा बोलवायला हवं होतं. आम्ही म्हणालो, असंच भारी वाटतंय. आणि वाटत होतंच.

पुढचं तुला माहीत आहे. हळदीला डीजे लावणाऱ्या एकाने ती कॅसेट नेली. त्याच्याकडून दुसऱ्याने, मग बाजारात हळदीच्या गाण्यांच्या सीडीत ती पहिली आली, मग मुंबईहून कंपनीचं बोलावणं आलं. भिवंडीत एक हळद अशी नव्हती जिथे ‘न्हाय गात’ वाजलं नाही. आम्ही नगरपालिकेच्या मैदानावर जनरेटर लावून वाजवलं आणि पुढची पोरं आमच्याआधी म्हणायची, न्हाय गात, न्हाय गात, जा. कव्हरवर कोणाचा आवाज लिहायचा, असं कंपनीच्या माणसाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “कोरस, फ्यूज.” सिद्धूने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला. तुला विचारायला हवं हे माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि मी हे स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही.

तुझे गुडघे धरले होते त्या वर्षी मी तुला अकलोलीच्या गरम कुंडांवर नेलं. येताना जीपवाल्याने तेच लावलं. “काय आवाज हाय पोरीचा,” तो म्हणाला, “कुठली हाय काय म्हाईत.” तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “आसंल कुनाची तरी.” मला वाटलं तुला गंमत वाटली. मीही हसलो. घरी येईपर्यंत तू बोलली नाहीस, मला वाटलं दमलीस.

तोपर्यंत तुला लग्नांची बोलावणी कमी झाली होती. आधी निरोप आला की आत्या, हळदीपुरतंच या. मग, दोनच कडवी म्हणा, डीजेवाला खोळंबतो. मग, बसायला या, गायचं राहू दे, तुमचे गुडघे दुखतात ना. एका ठिकाणी तू धवला धरलास आणि मागून गाणं सुरू झालं. तुझ्याच तोंडून आलेलं, बारीक आवाजात, गाणार नाही म्हणणारं. त्या दिवशी घरी येऊन तू मला म्हणालीस, “माजे तोंडान माजाच काम काडून घेतलास रं पोरा.” तू रागावली नव्हतीस, हेच मला सोसेना. मी म्हणालो, “आत्या, काळ बदलतो.” असलं काहीतरी बोलायला माणूस किती पटकन तयार असतो. तू म्हणालीस, “काल बदलतो त बदलू दे. तुजे लगनान त्यो वाजवू नको, येवराच.” मी हो म्हणालो. तोंडभरून हो म्हणालो.

आता माझ्या हळदीची दुपार. मांडवात तू सकाळपासून नऊवारी नेसून बसली होतीस, ताटात तांदूळ, वाटलेली हळद. तू मला जवळ बोलावून हळूच विचारलंस, “डबा कुठं हाय?” मला वाटलं तुला भूक लागली असेल, जेवणाला उशीर होता. मी आत ओरडून लाडवांचा डबा मागवला आणि तुझ्या मांडीशी ठेवला. तू डब्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. मग तो बाजूला सरकवलास आणि धवला धरलास.

पहिलं कडवं झालं. तू देवांची नावं घ्यायला लागली होतीस. मागे डीजेची गाडी उभी होती आणि पोरं ओरडत होती, नवऱ्याचंच गाणं आहे, नवऱ्याचं गाणं लावा. डीजेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. आत्या, मी मान हलवली. नकारार्थी नाही. मला वाटलं दोन मिनिटं वाजेल आणि थांबेल. पोरं आनंदली, मी हळदीच्या पाटावर बसलेला, सगळे माझ्याकडे बघतायत. मला ते आवडलं. तू थोडा वेळ गात राहिलीस. तुझे ओठ हलताना मला दिसत होते आणि ऐकू येत होतं ते न्हाय गात, न्हाय गात, जा. मग तू थांबलीस, ताट खाली ठेवलंस आणि आत जाऊन बायकांबरोबर लसूण सोलायला बसलीस. नईम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “तू ने क्या किया रे?” मी म्हणालो, नंतर म्हणवून घेऊ तिच्याकडून.

ते नंतर कधी आलं नाही. तू मला काही बोलली नाहीस, माझ्या बायकोशी माझ्यापेक्षा चांगली वागलीस. धवला मात्र पुन्हा कुठे म्हटला नाहीस. सिद्धू सारखा सांगत होता, जा, बस तिच्याजवळ, भरून घे सगळे धवले, कुणाचं तरी लग्न गाठ. आणि मी प्रत्येक लग्नसराईला म्हणायचो, पुढच्या.

मग तुझी उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला. चहा घेणार का? न्हाय, आणि तू कप हातात घ्यायचीस. दुखतंय का? न्हाय, आणि डोळ्यांतून पाणी. मी कोण आहे आत्या? न्हाय, आणि माझा हात धरायचीस. आठ महिने. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांचं बोलणं जातं पण कधीकधी गाणं शाबूत असतं, तुम्ही त्यांच्या ओळखीचं काही सुरू करा, कदाचित पुढचं त्या म्हणतील. मी तुझ्या खाटेशी बसलो आणि तोंड उघडलं. मला तुझा एकही धवला येत नव्हता. पहिली ओळसुद्धा नाही. जन्मभर ऐकले, एक येत नव्हता. मला येत होतं ते एकच गाणं, आणि ते तुझ्यासमोर म्हणायची लाज माझ्यात तेवढी शिल्लक होती. मी तोंड मिटलं. तू माझ्याकडे बघत होतीस, वाट बघत होतीस असं मला वाटलं. आत्या, मी या एका क्षणाबद्दल कुणालाच सांगितलेलं नाही.

काल दुपारी तुझी खोली आवरली. लोडशेडिंग होतं, लूम बंद होते. माझ्या जुन्या खोक्यात ती पहिली कॅसेट सापडली, ज्यावरून मी बत्तीस वेळा ‘जा’पर्यंत कापलं होतं. टेपमध्ये सेल नव्हते. तुझ्या उशाशी तुझी बॅटरी होती, तिच्यातले काढून घातले. ते जवळजवळ संपलेले होते, मला माहीत नव्हतं. बटण दाबलं आणि टेप रेंगाळत फिरायला लागली. त्या दिवशी फिरली होती तशीच. आणि आत्या, तुझा आवाज आला. सोळा वर्षांच्या पोरीचा नाही. तुझा, घोगरा, जाड. मी खाटेवर बसलो. माझं स्वतःचं हसणंही आलं, मोठ्याने, मूर्खासारखं. आणि त्या हसण्याखाली, ‘जा’च्या पुढे, जे इतकी वर्षं भराभर पळून गेल्यामुळे कळलंच नव्हतं ते आता सावकाश, शब्द न शब्द ऐकू आलं.

“न्हाय गात, न्हाय गात, जा! तुजे लगनान गाईन. सगला गाईन, सकालपासना. तवा आन तुजा ह्यो डबा, आनि भरून घे.”

मग सेल संपले.

टेपरेकॉर्डरला तू डबा म्हणाली होतीस. माझ्या हळदीला तू तोच मागत होतीस. मी तुला लाडू दिले.